इंग्रजीच्या बाईंनी बोलायचं कुणाशी?

गेल्या दोन महिन्यांत जी पत्रं आली त्यातली बरीच इंग्रजी शिकवणाऱ्यांची निघाली, म्हणून या वेळी दुसरे प्रश्न बाजूला ठेवलेत आणि फक्त चार पत्रं घेतलीत. मी स्वतः ३१ वर्षं सातारा जिल्ह्यात मराठी माध्यमाच्या हायस्कूलात इंग्रजी शिकवलं, त्यामुळे ही पत्रं वाचताना मला कुठेच 'असं पण होतं का' असं वाटलं नाही, सगळं ओळखीचं होतं. नावं-गावं काढून टाकलीत. उत्तरं लांबलीत, पण पहिल्या पत्राला तरी त्याहून कमी लिहिणं मला जमलं नसतं.

प्रश्न : ताई, मी जिल्हा परिषदेच्या दोन शिक्षकी शाळेत आहे, १४ वर्षं झाली. माझं डी.एड. मराठीतून, मला स्वतःला इंग्रजी पाचवीपासून होतं. मागच्या वर्षी चौथीला दुकानाचा खेळ घेत होते, त्यात पावतीला मी 'रिसीप्ट' म्हणाले. एका मुलाने घरी जाऊन तसंच म्हटलं. त्याचे वडील आधी पुण्याला कंपनीत होते, आता गावी आलेत, त्यांनी पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं की उच्चार रिसीट असा आहे, बाईंनाच येत नाही तर पोरांना काय येणार. खाली ११ अंगठे आले, मी मोजले. तेव्हापासून इंग्रजीचा तास आला की पोटात गोळा येतो. मी बोलायचं सोडून मोबाइलवरून कविता लावते आणि मुलांना ऐकवते. रविवारी रात्री झोप नाही. दुसरे विषय चांगले जातात, गणितात तर माझी मुलं तालुक्यात पुढे असतात. मी नालायक आहे का? हे घरात पण कुणाला सांगितलेलं नाही.

उत्तर : बाई, नालायक हा शब्द आधी खोडून टाका, मग पुढचं वाचा.

त्या 'रिसीप्ट'चं आधी सांगते. हा शब्द इंग्रजीत फ्रेंचमधून आला तेव्हा त्यात 'पी' नव्हताच, लॅटिनमधल्या मूळ शब्दासारखं दिसावं म्हणून विद्वान लोकांनी तो नंतर घातला आणि बोलणाऱ्यांनी काही तो कधी उच्चारला नाही. 'डेट' म्हणजे कर्ज, त्यातल्या 'बी'ची पण हीच गोष्ट. म्हणजे तुम्ही जे लिहिलंय ते प्रामाणिकपणे वाचलंत, कारण आपल्याला लहानपणापासून लिहिलेलं वाचायची सवय आहे. आणि आपल्या मराठीत तरी काय सगळं लिहिल्यासारखं आहे? 'चार' मधला च वेगळा आणि 'चाक' मधला वेगळा, अक्षर एकच. जग म्हणजे दुनिया आणि 'तू जग' म्हणजे जिवंत राहा, दोन्हीकडे ज सारखाच लिहितो पण म्हणतो वेगळा. उद्या कुणी परदेशी माणूस मराठी शिकताना इथे अडखळला तर आपण त्याला अडाणी म्हणणार नाही, उलट कौतुक करू की बघा किती छान बोलतोय. तेवढीच माया स्वतःवर करायला काय हरकत आहे? उच्चार चुकला हे खरं, तो दुरुस्त करायचा हेही खरं. पण त्यावरून 'बाईंना येत नाही' हा निकाल लावणं चूक आहे, आणि तो जाहीरपणे ग्रुपवर लावणं तर त्याहून वाईट.

आता तुमच्यासारख्या हजारो जणींचं काय झालं ते बघा. २००० साली महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं, रामकृष्ण मोरे तेव्हा शिक्षणमंत्री होते. निर्णय मला तेव्हाही पटला होता आणि आजही पटतो, गावातल्या पोरांना इंग्रजी उशिरा का मिळावं. पण ते शिकवायचं कुणी, तर ज्यांना स्वतःला पाचवीत एबीसीडी भेटली, ज्यांचं डी.एड. मराठीत झालं आणि ज्यांच्या गावात इंग्रजी बोलायला दुसरं माणूस नाही, त्यांनी. ट्रेनिंगं झाली, पण भाषा तोंडात बसायला रोज कुणाशी तरी बोलावं लागतं, ती सोय कुणी केली नाही. मग दर तासाला मुलांबरोबर शिक्षकाची पण परीक्षा. गणिताच्या बाईंकडून बेरीज चुकली तर त्या पुसून परत मांडतात, कुणी त्यांच्या शिक्षणावर जात नाही. इंग्रजीच्या बाईंचा एक शब्द चुकला की लगेच त्यांचं शिक्षण, गाव, घराणं सगळं निघतं. हा फरक आहे म्हणूनच तुमचं गणित चांगलं जातं आणि इंग्रजीला पोटात गोळा येतो.

आणि ही भीती काही फक्त आपल्याकडची नाही. अमेरिकेत टेक्सासच्या विद्यापीठात इलेन हॉरविट्झ म्हणून प्राध्यापक होत्या, त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये परकी भाषा शिकणाऱ्या मुलांची भीती मोजायला ३३ विधानांची एक प्रश्नावली केली, ती आजही जगभर वापरतात. पुढे दहा वर्षांनी त्यांनीच लिहिलं की ही भीती शिक्षकांना पण असते. कारण जो माणूस मातृभाषा नसलेली भाषा शिकवतो तो शिक्षक झाला तरी त्या भाषेचा विद्यार्थीच राहतो. आणि भीती वाटली की शिक्षक ती भाषा वर्गात कमी बोलायला लागतो. तुमच्या मोबाइलवरच्या कविता म्हणजे हेच. तुमच्या मनाला ते सोपं वाटतं, पण जितकं कमी बोलाल तितकी भीती वाढत जाईल, त्यामुळे तेवढं मात्र हळूहळू सोडावं लागेल.

माझं सांगते. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी तपासणीला आलेल्या एका साहेबांनी नववीच्या ५२ मुलांसमोर माझं वाक्य मध्येच तोडून क्रियापदाचा काळ सुधारला. ते दहा सेकंदांत विसरले असतील. मी मात्र पुढची दोन वर्षं आधी कागदावर लिहून ठेवलेलं नसेल असं एकही वाक्य वर्गात इंग्रजीत बोलले नाही. त्यातून बाहेर काढलं ते शेजारच्या गावातल्या एका शिक्षिकेने, तिला पण तेच होत होतं हे मला एका लग्नात कळलं. मग शनिवारची सकाळची शाळा सुटली की आम्ही दोघी एसटी स्टँडच्या कँटीनमध्ये बसायचो आणि पुढच्या आठवड्याचा धडा एकमेकींना मोठ्याने वाचून दाखवायचो. गाडी लागेपर्यंत, ४० मिनिटं. ती माझे उच्चार सुधारायची, मी तिचे. कँटीनवाला काही वेळा थांबून ऐकायचा. सहा महिन्यांत कागद सुटला.

म्हणून तुम्हाला माझा पहिला सल्ला हा की अशी एक बाई शोधा. एकच पुरे. तुमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या, शिक्षण परिषदेला गेलात की चहाच्या वेळी कुणालाही हळूच विचारा, 'तुम्हाला पण इंग्रजीच्या तासाला असं होतं का', मला खात्री आहे की तिसऱ्या माणसापर्यंत जायची वेळ येणार नाही. काही जिल्ह्यांत तेजस प्रकल्पात शिक्षकांचे असे गट केले होते, टॅग म्हणायचे त्यांना, इंग्रजी शिकवणारे प्राथमिक शिक्षक एकत्र बसून एकमेकांसमोर इंग्रजीत उपक्रम करायचे. प्रकल्प येतात जातात, गट आपण आपला पण करू शकतो.

दुसरं, धड्यातले जे शब्द खटकतात त्यांचे उच्चार मोबाइलच्या डिक्शनरीत ऐकून पुस्तकात पेन्सिलने देवनागरीत लिहून ठेवा, यात लाजायचं काही नाही, मी रिटायर होईपर्यंत लिहायचे. आणि वर्गात शंका आली तर मुलांसमोरच मोबाइल काढा, 'चला, बघूया हा शब्द कसा म्हणतात' म्हणा आणि सगळ्यांनी मिळून ऐका. चुकलं तर बघून दुरुस्त करायचं असतं, हे पोरं कुणाकडून शिकणार मग? अडलं तिथे मराठीत बोला. मराठीत समजावलं म्हणून इंग्रजी बाटत नाही.

ग्रुपचं मुख्याध्यापकांना सांगा, सेटिंग बदलून फक्त अॅडमिनने मेसेज टाकायचे असं करता येतं, तक्रार असेल तर पालकांनी शाळेत येऊन बोलावं. आणि झोपेचं मात्र अंगावर काढू नका. वर्ष होत आलं म्हणताय, डॉक्टरांना दाखवा, आणि आधी नुसतं बोलावंसं वाटलं तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, केंद्र सरकारने २०२२ मध्ये सुरू केलाय, फुकट आहे, रात्री पण लागतो, मराठीत बोलता येतं. घरात पण सांगा हो. एक वर्ष एकटीने खूप झालं.

प्रश्न : मॅडम, मी कोल्हापूरची, वय २६. एम.ए. इंग्लिश, ऑनलाइन टीचिंगचा कोर्स केला आणि दीड वर्षापूर्वी एजंटमार्फत थायलंडला एका खासगी शाळेत लागले. मुलं गोड आहेत, पण मला गोऱ्या सहकाऱ्यांपेक्षा पगार कमी आहे, काम तेच. एजंटने सांगितलं होतं की पालकांनी विचारलं तर इंडियाची म्हणू नकोस, इंग्लंडला वाढले म्हण. मी एकदा तसं म्हटलं पण, आणि त्या रात्री खूप रडले. आता मी वर्गात मुद्दाम वेगळाच अॅक्सेंट काढून बोलते, संध्याकाळी जबडा दुखतो. घरी आई-बाबांना फोटो पाठवते, सगळं छान आहे म्हणते. जूनमध्ये शाळेत एक कार्यक्रम झाला, एक छोटी मुलगी माझ्यासमोर गुडघ्यावर बसली आणि फुलं आणि गवत ठेवलेलं ताट दिलं, मला इतकं भरून आलं की मी बाथरूममध्ये जाऊन बसले. परत यावं का?

उत्तर : अगं, त्या ताटातलं गवत म्हणजे आपल्या दूर्वा.

तो वाई ख्रूचा कार्यक्रम असणार, गुरूंना वंदन. शक्यतो जूनमधल्या गुरुवारी करतात, आणि त्यांच्या गुरुवारचं नाव आपल्या बृहस्पतीवरूनच आलंय. दूर्वा कितीही तुडवल्या तरी पसरतात तशी विद्या वाढावी, वांग्याचं फूल खाली झुकतं म्हणून ते नम्रतेचं, आणि इक्झोरा नावाच्या फुलझाडाची कळी सुईसारखी टोकदार म्हणून ती बुद्धीची. त्या मुलीने हे सगळं तुला दिलं. तिला तू इंग्लंडला वाढलीस की कोल्हापूरला, याने काही फरक पडत नव्हता.

आधी अॅक्सेंट सोड. तुझा जबडा दुखतोय तो याच्यामुळे, आणि तुझं मन पण याच्यामुळेच दुखतंय. दिवसातले सहा तास स्वतःला लपवून उभं राहायचं म्हणजे शिकवण्याच्या कामावर दुसरं एक काम, आणि त्याचा पगार कुणी देत नाही. स्पष्ट बोल, शब्दाचा शेवट नीट उच्चार, वेग कमी ठेव, बस. थाई मुलांना शब्दाच्या शेवटची व्यंजनं जड जातात, 'हाउस' मधला स गायब होतो, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. तिथे तुझा उच्चार स्वच्छ असणं कामाचं, मग तो कोल्हापूरचा का असेना.

इंग्रजी जन्मापासून बोलणाराच चांगला शिक्षक ही समजूत खोटी आहे, हे रॉबर्ट फिलिप्सन यांनी १९९२ मध्येच मांडलं, आणि हंगेरीचे पीटर मेजेश म्हणून शिक्षक आहेत ते सांगत आले की ज्याने ती भाषा स्वतः कष्टाने शिकलीय त्याला विद्यार्थी कुठे अडणार हे आधी कळतं. टेसोल ही जगातली इंग्रजी शिकवणाऱ्यांची मोठी संघटना, तिने २००६ मध्ये अशा भेदभावाच्या विरोधात जाहीर भूमिका घेतली. त्याने तुझा पगार उद्या वाढणार नाही हे मला कळतं. पण जे चाललंय त्यात तुझी कमतरता नाही एवढं तरी डोक्यात पक्कं राहू दे. बाजार पालकांना चेहरा विकतो आणि त्याची किंमत तुझ्या पगारातून जाते, असा हा प्रकार आहे, आणि मला त्याचा मनापासून राग येतो.

कागदांचं बघ. वर्क परमिट कुणाच्या नावाने आहे, शाळेच्या की एजंटच्या, कराराची प्रत तुझ्याकडे आहे का, पासपोर्ट तुझ्याच कपाटात आहे ना. यातलं एक जरी गडबडीचं निघालं तर बँकॉकच्या भारतीय दूतावासाशी बोल, परराष्ट्र मंत्रालयाचं मदद पोर्टल पण आहे. कागद नीट असतील तर टर्म संपायच्या आधी थेट शाळेशी बोलणी कर, एजंट मध्ये न घेता, दीड वर्षाचा अनुभव ही आता तुझी बाजू आहे. आणि बोलणी करताना स्वतःला कोल्हापूरची म्हणूनच सांग, कारण इंग्लंडचं खोटं तुझ्याच्याने पेलत नाही आणि पेलू पण नये.

थोडी थाई शीक. तुला इतर परदेशी लोकांपेक्षा सोपी जाईल, त्यांची लिपी मुळात दक्षिणेतल्या पल्लव लिपीपासून आलीय, व्यंजनं क-ख, च-छ अशी आपल्याच क्रमाने लागतात आणि क आणि ख, त आणि थ, प आणि फ यातला फरक जो गोऱ्या सहकाऱ्यांना ऐकू येत नाही तो तुला जन्मापासून येतो. स्टाफरूममधल्या थाई बायकांशी चार वाक्यं बोलायला लागलीस की जेवायला एकटी बसणार नाहीस.

परत यावं का, तर टर्म पूर्ण करून मार्चमध्ये ठरव, आत्ता थकलेल्या मनाने नको. पण आई-बाबांना आज खरं सांग. फोटोतलं हसू आईला कळतं गं, त्यांनाही काळजी लागून राहिली असेल आणि तू बोलत नाहीस म्हणून त्या विचारत नसतील.

प्रश्न : वर्गात ५८ मुलं, सेमी इंग्रजी, रोज सहा तास. दिवाळीनंतर आवाज बसलाय तो उठलाच नाही. आलं, मध, हळदीचं दूध सगळं झालं. रजा मागितली तर म्हणतात आवाजासाठी कुणी रजा घेतं का. (सर, नाशिक जिल्हा)

उत्तर : सर, घशाला मार लागलाय असं समजा आणि आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. आवाज तीन-चार आठवड्यांत परत आला नाही तर स्वरयंत्र बघून घ्यावंच लागतं. शिक्षकांना स्वरयंत्रावर गाठी येतात, त्या बऱ्याचदा ऑपरेशनशिवाय स्पीच थेरपीने बऱ्या होतात, पण आधी कळलं पाहिजे. आलं-मधाने बरं वाटतं, गाठ जात नाही. सारखं खाकरू नका आणि कुजबुजू पण नका, कुजबुजल्याने आवाजाला आराम मिळतो असं वाटतं पण ताणच पडतो. पाण्याची बाटली टेबलावर ठेवा, गळ्यात अडकवायचा छोटा माइक-स्पीकर मिळतो तो घ्या, आणि 'माझ्या मागून म्हणा' हे तुम्ही दिवसातून शंभरदा करत असाल तर ते काम वर्गातल्या चार मुलांना वाटून द्या, त्यांना फार आवडतं. रजेचं म्हणाल तर डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडून लेखी अर्ज द्या, आवाज हे तुमचं हत्यार आहे, सुताराचा हात मोडला तर त्याला कुणी करवत धर म्हणत नाही.

प्रश्न : मी मुख्याध्यापक आहे. आमच्याकडच्या इंग्रजीच्या बाई फार उत्साही होत्या, वर्षभरात एकदम गप्प झाल्यात. वर्गात जातात, येतात, वह्या तपासतात, पण जीव नाही. विचारलं तर 'काही नाही सर'. स्टाफसाठी एक तणावमुक्तीचं व्याख्यान ठेवलं, त्यात त्या मागे बसून पेपर तपासत होत्या. काय करू?

उत्तर : सर, तुमच्या लक्षात आलं हीच मोठी गोष्ट, बऱ्याच शाळांत ते पण होत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या केली तेव्हा तीन खुणा सांगितल्या, अंगातली ताकद संपणं, कामापासून मन तुटणं आणि आपल्याच्याने काही होत नाही असं वाटायला लागणं. आणि याला त्यांनी माणसाचा आजार म्हटलेलं नाही, कामाच्या जागेशी जोडलेली गोष्ट म्हटलंय. तुम्ही व्याख्यान ठेवलंत ते चांगल्या मनाने, पण त्याचा एक तास बाईंच्या पेपर तपासायच्या वेळातून गेला, म्हणून त्या मागे बसून पेपर तपासत होत्या.

एक कागद घ्या आणि या वर्षी त्यांच्याकडे काय काय आहे ते लिहून काढा. इंग्रजी येतं म्हणून ऑनलाइन माहिती भरायचं काम त्यांच्याकडे, पाहुणे आले की सूत्रसंचालन त्यांच्याकडे, संस्थेची इंग्रजी पत्रं त्यांच्याकडे, स्पर्धा परीक्षेचा जादा तास त्यांच्याकडे, आणि निवडणुकीच्या यादीचं काम आलं तर ते पण. आमच्या शाळेत असंच होतं, तुमच्याकडे वेगळं असेल असं वाटत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून बाकीची अशैक्षणिक कामं शिक्षकांना द्यायची नाहीत असं लिहिलंय, संस्थेची पत्रं त्यात बसत नाहीत. यादीतली दोन कामं तुम्ही स्वतः काढून घ्या, बाईंना न विचारता, कारण विचारलंत तर त्या 'असू दे सर' म्हणतील.

तपासणीला कुणी आलं तर मुलांसमोर त्यांचं वाक्य सुधारू देऊ नका, तुम्ही पण सुधारू नका, नंतर केबिनमध्ये, दार लावून. निकालाच्या बैठकीत इंग्रजीची टक्केवारी वाचताना शेजारी हे पण सांगा की बाकी विषय पोरं घरच्या भाषेत शिकतात आणि इंग्रजी त्यांना शाळेच्या बाहेर ऐकायला पण मिळत नाही. हे तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात तर बाईंना ते स्वतः म्हणावं लागणार नाही.

आणि 'काय झालंय' असं परत विचारू नका. सोमवारी त्यांचा एक तास तुम्ही घ्या, त्यांना स्टाफरूममध्ये बसू दे. दोन-तीन सोमवार झाले की त्या चहाच्या वेळी आपणहून काहीतरी बोलतील, कदाचित घरचं, कदाचित शाळेचं. तेव्हा हातातलं काम बाजूला ठेवून नुसतं ऐका.